शिक्षा मिळाली की शिक्षण मिळाले?



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या सहावीतील एका विद्यार्थिनीने साताऱ्याच्या मामांना पत्र लिहिले. पत्र मराठीत होते, अक्षर सुरेख होते आणि शेवटी तिने अभिमानाने लिहिले होते, "आमच्या शाळेत खूप चांगली शिक्षा मिळते." पत्र पोहोचताच मामांचा फोन आला, "ताई, पोरीला शाळेत मारतात की काय?" खुलासा झाला, घरात हशा पिकला. पण मामेभावंडांनी ते वाक्य पाठ केले आणि पुढच्या भेटीत तिला त्यावरून भरपूर चिडवले. तेव्हापासून तिने मराठीत पत्र लिहिणे सोडले आहे. हसू आले याचे आम्हाला काही वाटत नाही. पत्र बंद झाले याचे मात्र वाईट वाटते. म्हणून या अंकात ह्या एका शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम हे सांगायला हवे की त्या मुलीने शब्द शोधून काढला नव्हता. तो तिला रोज दिसतो. आपल्या अंकसूचीवर "माध्यमिक शिक्षा मंडल, मध्य प्रदेश" असे छापलेले असते. जिल्ह्याच्या कार्यालयात "जिला शिक्षा अधिकारी" बसतात. महाराष्ट्रात मात्र हेच मंडळ "शिक्षण मंडळ" आहे आणि अधिकारी "शिक्षणाधिकारी". हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या देणे-घेणे. मराठीत शिक्षा म्हणजे अपराधाबद्दल मिळणारी सजा. शब्द एकच, पण नर्मदा-तापी ओलांडून दक्षिणेस गेला की अर्थ बदलतो.

असे का झाले? मूळ संस्कृत धातू "शिक्ष्", म्हणजे शिकणे. सहा वेदांगांपैकी एकाचे नावच "शिक्षा" आहे. वेदाचा उच्चार कसा करावा हे ते शास्त्र शिकवते. म्हणजे हिंदीने जुना अर्थ जपला. मग मराठीने चूक केली का? तसेही नाही. आपण मराठीत "चांगला धडा शिकवला" म्हणतो तेव्हा पुस्तकातला धडा आपल्या मनात नसतो. हिंदीतही "सबक सिखाना" म्हणतात आणि सबक म्हणजे धडाच. शिकवण्यापासून ताळ्यावर आणण्यापर्यंतची वाट दोन्ही भाषा चालल्या आहेत. मराठीत ती वाट चालताना "शिक्षा" हा शब्द सजेकडे गेला आणि विद्येसाठी "शिक्षण" राहिले. शेजारच्या गुजरातीतही शिक्षण आणि शिक्षा हे मराठीप्रमाणेच वेगळे आहेत. शिक्षक, शिक्षित, सुशिक्षित हे शब्द मात्र हिंदी-मराठीत एकाच अर्थाने नांदतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

आता रोजच्या वापरात काय करावे? आम्ही मुलांना एक सोपी कसोटी सांगतो. मराठी वाक्यात "शिक्षा" लिहिले की त्याजागी "सजा" घालून पाहावे. अर्थ टिकला तर शब्द बरोबर, बिघडला तर तेथे "शिक्षण" हवे.

"खोटे बोलल्याबद्दल त्याला शिक्षा झाली." येथे सजा चालते, म्हणून वाक्य बरोबर.
"माझ्या आत्याची शिक्षा उज्जैनला झाली." येथे सजा घातली तर आत्या तुरुंगात जाते! म्हणून "आत्याचे शिक्षण उज्जैनला झाले."
"बाबांनी मला चांगली शिक्षा दिली." येथे बाबांनी चांगले शिकवले असे म्हणायचे असेल, तर "चांगले शिक्षण दिले" किंवा "चांगली शिकवण दिली" असे लिहावे.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. मराठीत शिक्षा करतात, होते, भोगतात, सुनावतात. शिक्षण घेतात, देतात, पूर्ण करतात. रूपेही वेगळी आहेत : शिक्षेचा, शिक्षेला, शिक्षणाचा, शिक्षणाला. आणि संस्थेचे अधिकृत नाव हिंदीत असेल तर ते बदलू नये. "माध्यमिक शिक्षा मंडलाची परीक्षा" असेच लिहावे, पण पुढच्या वाक्यात आपल्या शब्दांत लिहिताना "शिक्षण" म्हणावे.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. पालक सभेत एका आजींनी नातवाच्या हिंदी शिक्षकांना कळकळीने सांगितले, "गलती करे तो इसको शिक्षा दीजिए." गुरुजी नम्रपणे म्हणाले, "माताजी, वही तो दे रहे हैं!" आजींना हिंदीत "सज़ा" किंवा "दंड" म्हणायचे होते. आणि हिंदीतला "दंड" मराठीत आला की बहुधा पैशांचाच होतो, हेही ध्यानात असू द्यावे.

हा केवळ गमतीचा विषय नाही. हिंदी वेळापत्रकात "शारीरिक शिक्षा" असा तास असतो आणि मुले त्याची वाट पाहतात. मराठीत "शारीरिक शिक्षा" म्हणजे छडी, उठाबशा, कान पिळणे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. हिंदीत त्याला "शिक्षा का अधिकार" म्हणतात, मराठीत "शिक्षणाचा हक्क". सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना तो हक्क देतो आणि त्याच कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली आहे. म्हणजे शिक्षण सक्तीचे आणि शिक्षा बंद! एखाद्या मुलाने मराठीत तक्रार केली की "मला शारीरिक शिक्षा झाली", तर ऐकणाऱ्याने तो खेळाचा तास समजू नये, यासाठी तरी शब्द नेमका हवा.

या शब्दाची भावंडेही पुष्कळ आहेत. हिंदीत संसार म्हणजे जग, मराठीत घरप्रपंच. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. "मुझे आपत्ति है" याचे मराठी "माझी हरकत आहे", कारण मराठीत आपत्ती म्हणजे संकट. हिंदी यातायात रस्त्यावर असते, मराठी यातायात जिवाला होते. आणि देवासकरांना वेगळे सांगायला नकोच : कुमार गंधर्वांचा "राग" ऐकायला लोक दुरून येत, एरवी मराठी माणसाचा राग कोणी मुद्दाम ऐकायला जात नाही.

१७२८ साली तुकोजी व जिवाजी पवार या बंधूंनी देवासला दोन पात्या स्थापन केल्या. धारलाही पवारांचेच राज्य. तेव्हापासून घरात मराठी, बाजारात माळवी आणि पुढे शाळेत हिंदी असे आपले चालले आहे. दोन भाषांत राहणाऱ्याच्या तोंडी अशी सरमिसळ होणारच. ते अज्ञानाचे लक्षण नाही. मात्र कोणता शब्द कोणत्या घरी कोणत्या अर्थाने वावरतो, हे माहीत असावे.

पालकांना विनंती की मूल चुकले तर हसून वाक्य दुरुस्त करावे, पण चार पाहुण्यांसमोर ते पुन्हा म्हणवून घेऊ नये. विश्वस्तांनाही विनंती की आपल्या पावत्या व सूचना छापण्यापूर्वी एकदा मराठीच्या शिक्षकांना दाखवाव्यात. "शिक्षा निधी"ला देणगी द्यायला पुण्याचा माणूस जरा बिचकेल!

आणि सहावीच्या त्या आमच्या मुलीला एवढेच : बाळ, मामांना पुन्हा पत्र लिही. या वेळी "शिक्षण" लिही आणि मामेभावंडांना विचार, "अंकसूची म्हणजे काय, सांगा पाहू!"