पंप जळतो कुठून?

साकीनाक्याच्या एका पंपदुरुस्तीच्या गाळ्यात सात-आठ मोनोब्लॉक पंप उघडे पडले होते, आणि बाकावरच्या स्टीलच्या ताटलीत काळ्या-पांढऱ्या कड्यांचा ढीग होता. संपादकांनी मला पाठवलं होतं उपनगरातल्या सोसायट्यांच्या पाण्यावर लिहायला. मी त्या ताटलीपाशीच अडकलो.

मुंबईचं पाणी बरंचसं उतारानेच येतं. वैतरणा-तानसाचं पाणी आपल्या पायाने भांडुपपर्यंत पोचतं. भातसाचं मात्र पिसे आणि पांजरापूरला उपसावं लागतं. मग भांडुप, वेरावली, घाटकोपर इथल्या टेकड्यांवरच्या जलाशयांतून ते ठरावीक तास गल्लीत येतं आणि सोसायटीच्या खालच्या टाकीत पडतं. तिथून गच्चीवर चढवायचं काम सोसायटीच्या पंपाचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली आणि 1926 साली तिथून सेंट्रिफ्युगल पंप बाहेर पडला. इम्पेलरने, म्हणजे पात्यांच्या चाकाने, पाणी गरागरा फिरवून बाहेर फेकायचं, हे तत्त्व आजही तेच आहे. झगडा चालू आहे तो एका भोकापाशी: शाफ्ट केसिंगमध्ये शिरतो तिथे.

जुन्या पंपात या भोकात ग्लँडदोरी कोंबलेली असे. तिच्यातून पाणी थेंब थेंब गळायलाच हवं, कारण तेच तिला थंड ठेवतं. पण गळती दिसली की कमिटीतलं कुणीतरी पाना घेऊन ग्लँड आवळणारच. थेंब थांबतात, दोरी करपते, शाफ्टच्या स्लीव्हवर चरे पडतात.

ही कटकट मेकॅनिकल सीलने संपवली, निदान तसं वाटलं. कार्बनची एक कडी शाफ्टबरोबर फिरते, सिरॅमिकची दुसरी जागेवर असते, स्प्रिंग दोघींना दाबून धरते. मधे एखाद्या मायक्रॉनचा पाण्याचा पापुद्रा. तीस मिलिमीटर व्यासाची कडी मिनिटाला 2880 फेरे मारते, तेव्हा घासण्याचा वेग सेकंदाला साडेचार मीटर होतो. पापुद्रा आहे तोवर ठीक. टाकी रिकामी झाली, पंप कोरडा चालला, की कड्या तापतात. आणि तापलेल्या सिरॅमिकच्या कडीवर एकदम पाणी आलं की ती तडकते.

"मोटर जळाली म्हणून आणतात," गाळ्याचे मालक-कारागीर म्हणाले. "मी आधी सील बघतो." त्यांनी एक पंप माझ्यापुढे सरकवला. सील गेलं, पाणी शाफ्टवरून मागे आलं, बेअरिंगचं ग्रीस धुतलं गेलं, बेअरिंग अडकलं, मोटरने जास्त करंट ओढला, वायंडिंग काळं पडलं. बिल लागतं रिवाइंडिंगचं, गुन्हेगार ताटलीत.

कोरडं चालण्याइतकंच वाईट म्हणजे व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालवणं. पाणी पुढे जात नाही, तेच तेच घुसळलं जातं. पाच लिटर पाण्यात दोन किलोवॉट उष्णता शिरत राहिली, तर ते मिनिटाला पावणेसहा अंशांनी तापतं. केसिंगमधून बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली, तर तीस अंशांवरून उकळीला यायला जेमतेम बारा-तेरा मिनिटं. आणि सीलमधल्या नायट्राइल रबराची सोय शंभर अंशांच्या आसपास संपते.

मग चांगल्या पंपात वेगळं काय असतं? मला भावली ती एक बारीक नळी, केसिंगमधलं दाबाचं पाणी सीलच्या खोलीत आणून सोडणारी. सील त्या वाहत्या पाण्यात धुतलं जातं आणि उष्णता निघून जाते. जुन्या दोरीची अरुंद खोली तशीच ठेवून तिच्यात सील बसवलं तर गरम पाणी तिथेच घुटमळतं, म्हणून खोलीही ऐसपैस लागते. उभ्या पंपात हवा वर, नेमकी सीलपाशी साचते; तिला बाहेर जायला वाट नसेल तर खाली पाणी भरलेलं असूनही सील कोरडंच घासतं. कड्यांचं द्रव्यही महत्त्वाचं. सिलिकॉन कार्बाइड उष्णता नेहमीच्या सिरॅमिकच्या कितीतरी पट वेगाने वाहून नेतं.

जिथे द्रवच भयंकर तापलेला असतो तिथे अंतर कामाला येतं. कल्पाक्कमच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर अणुभट्टीसाठी किर्लोस्कर ब्रदर्सने सोडियमचे पंप घडवले. खाली सुमारे चारशे अंशांचा द्रव सोडियम. सील आणि मोटर लांब शाफ्टच्या वरच्या टोकाला, त्या धगीपासून दूर. मोनोब्लॉकमध्ये अशी चैन नाही. इम्पेलर मोटरच्याच शाफ्टवर असतो, सीलची धग आणि बेअरिंग यांच्यात बोटभर जागा आणि पाणी उडवून लावणारी एक रबरी चकती, बस्स.

आणि इथेच माझं कौतुक अडखळतं. रिकाम्या टाकीपुढे ती नळीही लाचार आहे. पाणीच नाही तर ती काय आणून सोडणार? महागड्या कड्याही आंधळेपणाने घेऊन चालत नाही. दोन्ही सिलिकॉन कार्बाइडच्या असल्या तर गढूळ पाण्यात टिकतात, पण कोरड्या चालल्या तर कार्बनच्या जोडीआधी मरतात. पाण्यात बुडवून ठेवायचा ओपनवेल पंप घ्यावा, तर टाकीतली पातळी मोटरखाली गेल्यावर तापायला मोटरच पुढे. पातळी पाहून पंप बंद करणारा फ्लोट स्विच असतो खरा, पण तो अडकला की पहाटे पाणी चढवायच्या घाईत वॉचमन तो बायपास करतो, आणि स्विच तसाच राहतो. वॉचमनला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी चढलं नाही तर शिव्या त्यालाच. पंपाची खोली जिन्याखाली, दार बंद, झरोका कोंदलेला. मोटरचं गणित बाहेर 40 अंश धरून मांडलेलं असतं. त्यावर दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब कारखान्यांतून पाळतात. वर कोटेशन तीन येतात आणि पास होतं सगळ्यात स्वस्त, ज्यात हॉर्सपॉवर लिहिलेली असते आणि सीलचा उल्लेख नसतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत पंपाचा विषय निघाला, तर हॉर्सपॉवरच्या आधी तीन गोष्टी विचारा: सीलच्या कड्या कशाच्या आहेत, सीलपाशी पाणी कुठून येतं आणि तिथली हवा कुठून जाते. तोवर जिन्याखालचा झरोका मोकळा करून घ्या आणि बायपास केलेला फ्लोट स्विच जोडून घ्या.