कांद्याचा वास, हृदयाचा पॅटर्न

निळा लिटमस आम्लात लाल होतो. ज्या मुलाला लाल-निळं दिसतच नाही, त्याच्यासाठी हे वाक्य नुसतं पाठ करायचं उरतं. पण बारीक चिरलेल्या कांद्यात कापडाच्या पट्ट्या घालून पिशवी रात्रभर बंद ठेवा. सकाळी शिक्षकांनी एका पट्टीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत, दुसरीवर कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणाचे, आणि दोन्ही पाण्यानं धुवून मुलांच्या हाती द्याव्यात. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास राहतो, सोड्याच्या पट्टीचा जातो. व्हॅनिलाचंही तसंच. निष्कर्ष मूल स्वतः काढतं.

आकृतीचं काम अवघड. पुस्तकातलं चित्र आहे तसं उठावदार छापून भागत नाही. डोळा आधी अख्खं चित्र पाहतो आणि मग बारकाव्यांकडे वळतो. बोटाला तुकडे जोडत जोडत अख्खं उभं करावं लागतं. ब्रेलच्या दोन ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर असतं. रेषा त्याहून जवळ आल्या की बोटाखाली नुसती गिचमीड. म्हणून रेषा कमी करायच्या, हृदयाच्या आकृतीत शिरांना एक पोत द्यायचा, धमन्यांना दुसरा. दिल्ली आयआयटीशी जोडलेलं रेझ्ड लाइन्स फाउंडेशन अशा स्पर्शाकृती बनवतं. विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी दाखवलेली पाटी तर घरीही होईल: वेल्क्रोचा खरखरीत पृष्ठभाग, त्यावर लोकरीच्या धाग्यानं काढलेली, बोटाला कळणारी रेषा.

परीक्षेत आकृतीचा प्रश्न वगळला की मुलाला सवलत मिळाली, असं आपण समजतो. मला ती सवलत वाटत नाही. विषयच काढून घेतला जातो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि योग्य साधनं मोफत मिळायला हवीत.

आणि साधनं घडवणारे हात कोल्हापुरात आहेत. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना पॅटर्न, म्हणजे ओतायच्या वस्तूंचे नमुने, लागतात, बरेचदा दोन अर्ध्या भागांत, खुंट्यांनी नेमके जुळणारे. असाच उघडणारा हृदयाचा एक पॅटर्न करावा; मग त्यावरून हवे तितके नग निघतील. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला मूर्तिकार आधी शाडूत आकार बसवून देईल. शिक्षक आणि मुलं मात्र पहिल्या दिवसापासून सोबत हवीत, कारण कुठली कड बोटाला बोचते आणि कुठे वाट चुकते, हे त्यांनाच कळणार.

हृदय उघडल्यावर बोट डाव्या जवनिकेच्या भिंतीवर थांबेल. उजवीपेक्षा ती जवळपास तिप्पट जाड असते. ‘सर, ही इतकी जाड का?’ असं मूल विचारेल, आणि रक्त साऱ्या अंगभर ढकलण्याचा धडा तिथून सुरू होईल.