ओळखीचं गाव

आज आपल्या एरंडोलविषयीच बोलू या.

माझं माहेर जळगावचं. लग्न होऊन इथं आले, त्याला बावीस वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात गिरणीवर दळण घेऊन गेले, तर गिरणीवाल्या काकांनी मला काही न विचारता डब्यावर सासऱ्यांचं नाव लिहिलं. गंमत वाटली, आणि थोडी धडकीही भरली. आपल्यासारख्या लहान गावातलं सुख आणि जाच, दोन्ही या ओळखीतूनच येतात.

सुख खरंच मोठं आहे. बाजार, शाळा, तहसील, पोस्ट, सगळं पायी होतं. महिनाअखेरीला पैसे नसले तर दुकानदार वहीत मांडून ठेवतो. लाइट गेली आणि पोर घरात नसलं, तरी ते कुणाच्या तरी ओट्यावर असणार हे ठाऊक असतं. थंडीत एका घरी भरीत झालं की वाटी तीन घरांत जाते. आखाजीला माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले गेले, की गल्लीच बदलून जाते. जळगावला फ्लॅटमध्ये राहणारी माझी बहीण याच्यासाठी झुरते.

आता जाच. गाव तसं जुनं आणि नावाजलेलं. नगरपालिका १८६६ ची. एके काळी इथला हातकागद प्रसिद्ध होता, कापूस आणि निळीचा व्यापार होता. पण रेल्वे गावात आलीच नाही, ती म्हसावद-जळगाववरून गेली. पेठ वाढली ती जळगावची. म्हणून आजही नोकरी म्हणा, मोठा दवाखाना म्हणा, तीसेक किलोमीटर जावं लागतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही तिथंच आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, हा मोठाच आधार. पण बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

आणि कधी कधी तर बाई जळगावला जाते ती इथं सोय नाही म्हणून नव्हे, इथं ओळख आहे म्हणून.

आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या अंगावरून आठ महिने पांढरं जात होतं. खाज, कंबरदुखी, सगळं सोसलं. दवाखाना जवळच होता. पण केसपेपर काढणारा नात्यातला, आणि "काय होतंय?" हे तो सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायचा. ती गेलीच नाही. औषध साधंच होतं, नंतर कळलं.

यात दोष एकट्या त्या माणसाचा नाही, आपण विचारत नाही हाही आहे. केसपेपरच्या खिडकीवर "बाईंच्या तपासणीसाठी आले" एवढंच सांगितलं तरी चालतं. तपासताना पडदा हवा, आणि डॉक्टर पुरुष असतील तर सोबत बाई हवी, हे मागायला लाजू नका. पेशंटचं दुखणं बाहेर न सांगणं हा डॉक्टरांच्या पेशाचा नियमच आहे. गर्भपाताच्या बाबतीत तर कायदाच कडक आहे. बाईचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अठरा पूर्ण झालेल्या बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची पुरते. हे पुष्कळ जणींना माहीत नसतं, आणि सांगायचं कुणी टाळतं, तर कुणी उलटंच सांगतं.

घरात मारहाण होत असेल तर आपल्याकडे अडचण अशी, की चौकीच्या पायरीवर चढलेली बाई संध्याकाळपर्यंत गावभर होते. अशा वेळी १८१ हा नंबर लावा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, आणि पलीकडे बोलणारी बाई तुमच्या सासऱ्यांना ओळखत नाही. जिवावरच बेतलं असेल तर मात्र लोक काय म्हणतील ते बघू नका, सरळ ११२.

आमची ती बाई आता बरी आहे. आता दुसऱ्या कुणाला दवाखान्यात जायचं असलं तर ही सोबत जाते. स्टँडवर कुणी "कथा चालनी वं माय?" विचारलं, की म्हणते, "भरताची वांगी लेवाले."