तीव्र मनोविकारांतील चयापचय व बोधन

छिन्नमानस, उद्दीपन-अवसाद चित्तविकृती यांसारख्या तीव्र मनोविकारांत शरीराच्या चयापचयात होणारे बिघाड आणि रुग्णाचे बोधन, म्हणजे अवधान, स्मृती, विचार, नियोजन इ. कार्ये, यांचा परस्परसंबंध. या विकारांच्या रुग्णांचे आयुर्मान इतरांपेक्षा सु. १० ते २० वर्षांनी कमी असते. आत्महत्या हे त्याचे एक कारण असले, तरी बहुसंख्य मृत्यू हृद्रोगासारख्या शारीरिक विकारांमुळे होतात.

चयापचयी लक्षणसमूह : कमरेचा वाढलेला घेर, उच्च रक्तदाब, उपाशीपोटी रक्तात आढळणारी जादा साखर, ट्रायग्लिसराइडांचे आधिक्य व हितकर (उच्च घनतेच्या) कोलेस्टेरॉलाची न्यूनता यांपैकी कोणतीही तीन लक्षणे एकत्र आढळल्यास त्या स्थितीस हे नाव देतात. भारतीय पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. वा त्याहून अधिक घेर वाढलेला मानतात. छिन्नमानसाच्या सु. एक-तृतीयांश रुग्णांत हा लक्षणसमूह आढळतो.

कारणे : मनोविकार व मधुमेह एकाच कुटुंबात आढळत असल्याचे ब्रिटिश मनोविकारतज्ञ हेन्री मॉड्स्ली यांनी १८७९ मध्येच नमूद केले होते. औषधोपचार सुरू न झालेल्या रुग्णांतही इन्शुलिनाचा परिणाम काहीसा मंदावलेला आढळतो. १९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमॅझिनाचा मनोविकारांवरील उपयोग दिसून आला व उपचारांत क्रांती झाली. मात्र या वर्गातील अनेक औषधांनी, विशेषतः नंतरच्या क्लोझॅपीन व ओलांझॅपीन यांनी, भूक व वजन वाढते. धूम्रपान, बैठे जीवन व दारिद्र्य यांची त्यांत भर पडते.

बोधनावरील परिणाम : बोधनातील न्यूनता हा छिन्नमानसाचा मूळचाच भाग आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब वा वरील लक्षणसमूह असलेल्या रुग्णांत ती अधिक तीव्र असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची हानी, दीर्घकालीन दाह व इन्शुलिनरोध ही त्याची संभाव्य कारणे होत. उलट, बोधन दुर्बल झाल्यास आहाराचे नियोजन, वेळेवर औषध घेणे व तपासणीस जाणे कठीण होते आणि चयापचय आणखी बिघडतो. भ्रम ओसरल्यावरही रुग्णास नोकरी टिकविता येईल का, पैशांचा हिशेब ठेवता येईल का, हे बव्हंशी बोधनावर अवलंबून असल्याने हे दुष्टचक्र महत्त्वाचे ठरते.

उपाय : अमेरिकेतील मधुमेह व मनोविकारतज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्ये केलेल्या शिफारशींनुसार औषध सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर व मेद यांची नोंद करावी, पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी वजन घ्यावे आणि बाराव्या आठवड्यास रक्तदाब, साखर व मेद पुन्हा तपासावेत. नियमित चालण्यासारख्या व्यायामाने हृदयाचे आरोग्य व काही अंशी बोधनही सुधारते. वजनवाढ रोखण्यासाठी मेटफॉर्मीन उपयुक्त ठरते. तथापि वजन वाढते म्हणून मनोविकारावरील औषध परस्पर बंद करणे घातक होय. फिनलंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत पाहणीत औषधे न घेणाऱ्या रुग्णांतील मृत्युमान औषधे घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. औषध बदलणे वा मात्रा कमी करणे वैद्यांच्या देखरेखीखालीच व्हावे.

भारतातील मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोरुग्णास शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने आरोग्यसेवा मिळण्याचा अधिकार आहे. त्यामुळे मनोरुग्णाच्या शरीराची तपासणी हा मानसोपचाराचाच एक भाग ठरतो.