मनोरा वरळीत, वेळापत्रक दिल्लीत

वरळीच्या पांडुरंग बुधकर मार्गावरचा दूरदर्शनचा पोलादी मनोरा ३०० मीटर उंच आहे. एके काळी गिरण्यांच्या चिमण्यांच्या डोक्यावरून तो लांबूनच ओळखू येई. आता लोअर परळच्या २८० मीटर उंच ‘वर्ल्ड वन’सारख्या इमारतींच्या दाटीत तो शोधावा लागतो. दिल्लीनंतरचे देशातले दुसरे दूरचित्रवाणी केंद्र म्हणून मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा ते आकाशवाणीच्या ताब्यात होते, १९७६ मध्ये दूरदर्शन या वेगळ्या खात्याकडे गेले आणि १९९७ मध्ये प्रसार भारती या महामंडळाकडे. केंद्राचा इतिहास साधारणपणे याच तीन टप्प्यांत सांगितला जातो. पण या हस्तांतरांनी केंद्राच्या पडद्यावर फारसे काही बदलले नाही. जो बदल मुळावर आला, तो धनी न बदलता, एका नव्या वेळापत्रकाने आला. त्यामुळे केंद्राची मालकी कोणाकडे, याचे उत्तर सातबाऱ्यावर शोधण्यात अर्थ नाही. संध्याकाळी काय दाखवायचे हे कोण ठरवतो आणि पैसा कोणाच्या सहीने सुटतो, हे पाहिले पाहिजे.

पहिल्या दहा वर्षांचा पुरावा बोलका आहे. विनायक चासकरांचा ‘गजरा’, सुहासिनी मुळगावकरांचे ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘किलबिल’, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची चिमणराव-गुंड्याभाऊ ही जोडी, हे सगळे याच काळातले किंवा याच घडणीतले. स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी इथे मराठी बातम्या वाचत. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झाले आणि पुणेकरांच्या गच्च्यांवरही अँटेना चढल्या. त्या काळातला ‘साप्ताहिकी’ हा कार्यक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय दाखवणार, एवढेच त्यात सांगितले जाई. पण भक्ती बर्वे यांच्यासारखी अभिनेत्री ते सांगत असल्याने लोक तोही आवडीने पाहत. आपला आठवडा आपणच आखणाऱ्या केंद्रालाच असा कार्यक्रम करता येतो. आणि हे सगळे चालले होते ते निखळ सरकारी खात्यात, सरकारी नियमांखाली. म्हणजे सरकारी मालकी आली की सर्जन संपले, हा सरसकट निष्कर्ष इथे टिकत नाही. मात्र या स्वातंत्र्याचे श्रेय सरकारच्या उदारपणालाही देता येणार नाही. दिल्लीचे चित्र रोज वरळीपर्यंत आणायची सोयच तेव्हा नव्हती, म्हणून वरळीला आपली संध्याकाळ आपणच भरावी लागे. ते स्वातंत्र्य तंत्राच्या उणिवेतून मिळालेले होते. कायद्याने ते कोणी दिले नव्हते, म्हणून ते काढून घेतानाही कोणाला कायदा बदलावा लागला नाही.

यावर पहिला आक्षेप आणीबाणीचा. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, ते आणीबाणीच्या ऐन मध्यावर. त्याच वर्षी किशोरकुमारची गाणी दोन्ही माध्यमांवरून हद्दपार झाली. मग मालकीला महत्त्व नाही असे कसे म्हणता येईल? आक्षेप रास्त आहे, पण तो नेमका कशाला लागू पडतो ते पाहायला हवे. बंदी दोन्ही खात्यांवर सारखीच आली, कारण हुकूम देणारे मंत्रालय एकच होते. खाती वेगळी झाल्याने ती ना लादली गेली, ना टळली. शिवाय बातम्यांच्या बाबतीत मुंबई केंद्र आधीही मोकळे नव्हतेच. त्याचा मोकळेपणा नाटक, साहित्य, शेती, मुलांचे कार्यक्रम यांत होता. विभाजनाने दूरचित्रवाणीला स्वतंत्र प्रशासन मिळाले, हा फायदा मान्य करायला हरकत नाही. पण आदेशाची दोरी होती त्याच हातात राहिली.

खरा बदल १५ ऑगस्ट १९८२ चा. त्या दिवशी रंगीत चित्राबरोबर दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि देशभरची केंद्रे त्याला जोडली गेली. रंगांचे अप्रूप एवढे होते की घड्याळाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रात्रीची हक्काची वेळ, म्हणजे घरातले सगळे जेवणाच्या आगेमागे टीव्हीसमोर बसतात ती, दिल्लीकडे गेली. मराठीला संध्याकाळ उरली. १९८४ च्या ‘हम लोग’नंतर प्रायोजित मालिकांचे युग आले, तेव्हा जाहिरातींचा पैसाही त्या रात्रीच्या वेळेमागे गेला. दुसऱ्या वाहिनीचे तेच झाले. १९८५ मध्ये ती मुंबई शहरासाठी म्हणून सुरू झाली, १९९३ मध्ये उपग्रहाने जोडून ‘मेट्रो’ झाली आणि २००३ मध्ये तिच्या जागी ‘डीडी न्यूज’ आली. राष्ट्रीय कार्यक्रमाने देश एका पडद्यासमोर आणला, हे खोटे नाही, आणि त्या मालिका मराठी घरांनीही मन लावून पाहिल्या. पण देश जोडण्यासाठी प्रत्येक रात्र लागते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. आठवड्यातल्या काही रात्री केंद्रांकडे ठेवूनही ते साधले असते.

कायद्याने हा तोल सावरायची संधी १९९५ मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेने करावे, असा निकाल दिला. प्रसार भारतीचा कायदा संसदेने १९९० मध्येच केला होता, तो अमलात आला १९९७ मध्ये. पण महामंडळाला स्वतःचे भरती मंडळ मिळायला २०२० उजाडले. सॅम पित्रोदा समितीला २०१४ मध्येही, मालमत्तेची संपूर्ण मालकी आणि व्यवस्थापन प्रसार भारतीकडे द्या, अशी शिफारस करावी लागली. पगाराचा मोठा भार आजही केंद्र सरकारच्या अनुदानावर आहे. जो पैसा देतो तो हुकूम देणारच, असे यावर म्हटले जाते. पण न्यायाधीशांचे वेतनही सरकारी तिजोरीतूनच होते. म्हणून काही निकाल मंत्रालयाला विचारून लागत नाहीत. पैसा सरकारचा की जनतेचा, हे आधी ठरले पाहिजे.

मग खासगी मालकी बरी का? एका बाबतीत तिचे श्रेय नाकारता येत नाही. १९९९ मध्ये आलेल्या ‘अल्फा मराठी’ने रात्रीची हक्काची वेळ मराठीला परत दिली, वरळीकडून ती गेल्यानंतर १७ वर्षांनी. पण खासगी वाहिनीत मालक बदलला की सगळेच बदलू शकते. रामोजी फिल्म सिटीतून २००० मध्ये सुरू झालेली ‘ई टीव्ही मराठी’ पुढे रामोजी राव यांच्या समूहाकडून नेटवर्क १८ कडे गेली, २०१५ मध्ये ‘कलर्स मराठी’ झाली आणि २०२४ च्या विलीनीकरणानंतर जिओस्टारच्या छत्राखाली आली. या प्रवासात प्रेक्षकाला विचारण्याचा प्रसंग कधी आला नाही, आणि कायद्याने तो येण्याचे कारणही नव्हते. वरळीच्या केंद्राबाबत मात्र विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, कारण ते आपल्या पैशावर चालते.

शेवटचा आक्षेप सर्वांत टोचणारा आहे. मुंबई केंद्राच्या ‘सह्याद्री’ या वाहिनीला आता पूर्ण वेळ मराठी मिळाली आहे, तरी ती किती घरांत लागते? वस्तुस्थिती अशी की मराठी उपग्रहवाहिनी १९९४ मध्ये आली आणि ‘सह्याद्री’ हे नाव २००० मध्ये मिळाले, म्हणजे केबल घरोघर पोचल्यावर आणि प्रेक्षक उठून गेल्यावर. तास परत आले, पण माणसे नेमण्याचा आणि खर्च करण्याचा अधिकार त्यांच्यासोबत आला नाही. रिकामे वेळापत्रक हातात देऊन त्याला स्वायत्तता म्हणणे ही फसवणूक आहे. महाराष्ट्राच्या खासदारांनी अनुदानाच्या चर्चेत एवढेच मागावे: मुंबई केंद्राला त्याच्या वाट्याचा ठरावीक निधी, कार्यक्रम आणि नेमणुका केंद्रातच ठरवण्याचा अधिकार, आणि त्याचा वार्षिक हिशेब मराठीत जाहीर करण्याचे बंधन. हे झाल्याशिवाय मालक तिसऱ्यांदा बदलला तरी पडद्यावर काही बदलणार नाही.