धंदा करणाऱ्या बाईने स्वतःची काळजी कशी घ्यावी? वाचकांचे सहा प्रश्न

बेळ्ळंदूरहून हा आजचा भाग. सेक्स वर्कर बायकांच्या स्वतःच्या काळजीवर मी एक पुस्तिका लिहिली आणि स्वतःच काढली. तेव्हापासून महाराष्ट्रातून, सीमाभागातून, इथल्या मराठी घरांतून प्रश्न येत असतात. शब्द वेगळे, पण प्रश्न साधारण सहाच. आज ते एकेक करून घेऊ.

१. अशी पुस्तकं वाचून बायका या धंद्याकडे वळणार नाहीत का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. बाई या धंद्यात येते ती कर्जामुळे, नवऱ्याने टाकल्यामुळे, मजुरी पुरत नाही म्हणून, कधी फसवून आणल्यामुळे, कधी स्वतः हिशेब करून. पुस्तिका वाचून कोणी येत नाही. पण जी आधीच तिथे आहे, तिला कंडोम फाटल्यावर काय करायचं हे माहीत असेल तर तिचा जीव वाचतो.

एक रेघ मात्र स्पष्ट ओढते. अठरा वर्षांखालची मुलगी किंवा जबरदस्तीने आणलेली बाई, हा विषय 'काळजी'चा नाही, गुन्ह्याचा आहे. तिथे पुस्तक नको, फोन करा. मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२.

२. 'स्वतःची काळजी' म्हणजे नेमकं काय? मसाज, सुगंधी मेणबत्त्या?

नाही. इथे काळजीचे चार भाग आहेत: शरीर, पैसा, कागद आणि माणसं.

शरीराचं आधी सांगते. कंडोमवर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, तेलाने रबर कमकुवत होतं. पाण्यावर आधारलेलं जेल वापरा. दोन कंडोम एकावर एक घालू नका, घासून फाटतात. योनी आतून डेटॉलने किंवा साबणाने धुऊ नका. आतली त्वचा हुळहुळी होते आणि लागण व्हायला वाट मिळते. बाहेरून साधं पाणी पुरतं.

कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर एचआयव्ही रोखणारी गोळी असते. तिला पेप म्हणतात. ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते; जितकी लवकर, तितकी चांगली. पुढे २८ दिवस रोज घ्यायची. त्यासाठी सरकारी रुग्णालय किंवा एआरटी केंद्र गाठा. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी वेगळी असते. तिने एचआयव्ही किंवा दुसरा कुठलाही लैंगिक आजार थांबत नाही. या दोन गोळ्यांत गल्लत होते, म्हणून मुद्दाम सांगितलं. हेपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारा. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

बाकी तीन भाग थोडक्यात. पैसा स्वतःच्या नावावरच्या खात्यात ठेवा. कागद एकाच पिशवीत, हाताशी ठेवा. आणि आपण कुठे गेलोय, कधी परतणार, हे एका विश्वासाच्या मैत्रिणीला माहीत असू द्या. बंगळूरमध्ये बुधवार पेठेसारखी एकच ठरलेली वस्ती नाही. इथे काम रस्त्यावर, लॉजमध्ये, घरी आणि फोनवर चालतं. शेजारच्या खोलीत हाक ऐकणारं कोणी नसतं, म्हणून इथे ही मैत्रीण फार महत्त्वाची.

३. कोणता शब्द वापरायचा?

समोरची बाई स्वतःला जे म्हणवते, तो. सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून एचआयव्ही रोखण्याचं काम सुरू केलं. कंडोम वाटणं, दवाखान्यात सोबत जाणं ही कामं धंदा करणाऱ्या बायकांनीच उचलली. त्यातून १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद. लोक ज्या शब्दाने शिवी देतात, तोच त्यांनी आपल्या नावात घेतला. म्हणून त्यांनी स्वतःला 'वेश्या' म्हणणं आणि शेजाऱ्याने तो शब्द फेकणं यात फरक आहे. ज्याला खात्री नाही त्याने 'सेक्स वर्कर' म्हणावं किंवा सरळ 'ताई'.

४. हे कायदेशीर आहे का? २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली ना?

अर्धवट बातम्यांनी इथे मोठा घोळ केला आहे. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. सज्ञान बाईने खासगीत पैसे घेऊन संबंध ठेवणं हा त्यात गुन्हा नाही. पण गिऱ्हाईक बोलावणं, कुंटणखाना चालवणं, शाळा, देऊळ, दवाखाना यांच्या २०० मीटरच्या आत धंदा करणं हे गुन्हे आहेत. कुंटणखान्याची व्याख्या इतकी सैल आहे की, सुरक्षित वाटावं म्हणून दोघींनी मिळून एक खोली घेतली तरी ती त्यात बसू शकते. बाईच्या कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरचा माणूसही गुन्हेगार ठरू शकतो, म्हणजे तिचा स्वतःचा मोठा झालेला मुलगासुद्धा.

मग १९ मे २०२२ च्या आदेशात काय आहे? पोलिसांनी सन्मानाने वागावं. कंडोम सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये. लैंगिक अत्याचार झालेल्या सेक्स वर्करला इतर कोणत्याही पीडितेसारखी तत्काळ वैद्यकीय मदत मिळावी. माध्यमांनी ओळख उघड करू नये. आणि राहण्याचा पुरावा नसला तरी नाको किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळावं, त्यावर धंद्याची कुठलीही खूण नसावी. छाप्यात बाईला अटक करू नये अशीही शिफारस होती, पण केंद्र सरकारने तिच्यावर हरकत घेतली होती. म्हणून 'आता पोलीस काही करू शकत नाहीत' असं समजून राहू नका. अडचण आली तर मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० लावा.

५. प्रकाशकाकडे का दिलं नाही? स्वतः छापलेल्या पुस्तकावर विश्वास कसा ठेवायचा?

मराठीत ही वाट जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी पदरमोड करून चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तो खटला ते हरले, मासिक मात्र बंद पडलं नाही.

तरी तुमची शंका रास्त आहे. अशा कोणत्याही पुस्तकाला, माझ्याही, तीन कसोट्या लावा. औषधाचं नाव असेल तिथे 'डॉक्टरांना विचारा' असं लिहिलंय का? धंदा करणाऱ्या बायकांनी ते छापण्याआधी वाचलंय का? आणि 'खऱ्या कहाण्या' असतील तर गाव, वस्ती, मुलांची शाळा यांवरून बाई ओळखू येते का? येत असेल तर ते पुस्तक तिला धोक्यात घालतंय.

केरळच्या नलिनी जमीला यांचं उदाहरण घ्या. त्यांचं आत्मचरित्र २००५ मध्ये आलं, शब्दांकन दुसऱ्याचं होतं. ते त्यांना पटलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगून नवी आवृत्ती काढली. सांगणारीला 'हे माझं नाही' म्हणता यायला हवं.

६. जिला गरज आहे तिच्यापर्यंत हे पोचवायचं कसं?

आधी विचार करा की ते तिच्याकडे सापडलं तर काय होईल. घरी ठाऊक नसलेल्या बाईसाठी फोनमधलं पुस्तकाचं नावसुद्धा घात करू शकतं. म्हणून मुखपृष्ठ साधं ठेवा, नाव 'बाईचं आरोग्य' एवढंच पुरे. वाचता येत नसेल तर ऐकता येईल असं करा. पुस्तिका एकटी देऊ नका, जवळच्या संस्थेच्या ताईंमार्फत द्या. त्या प्रश्नांना उत्तर देऊ शकतात, पुस्तक देऊ शकत नाही.

आणि कोणी 'मला बाहेर पडायचंय' म्हणाली, तर उपदेश नको. बचत खातं, आधार, हाताला दुसरं काम आणि मुलांची शाळा, हे चार धागे आधी जुळवायला मदत करा. ती राहिली तरी हेच चार धागे तिच्या कामाला येतात.

पुढच्या भागात धंदा करणाऱ्या बायकांच्या मुलांबद्दल, शाळेचे दाखले आणि वडिलांच्या नावाचा रकाना यावर बोलू. तोवर १०९७ आणि १५१०० हे दोन क्रमांक लिहून ठेवा. स्वतःला लागले नाहीत तरी कोणाला तरी लागतील.