आधी अर्ज, मग प्रदर्शन

धरमपेठेतल्या एखादीनं घरच्या घरी नवं उपकरण घडवलं, की चहूकडून सल्ला येतो, "अगं, व्हिडिओ टाक, लोकांना कळू दे!" आज आम्ही नेमकं उलट सांगणार आहोत. पेटंट हवं असेल, तर आधी अर्ज करा आणि मग जगाला दाखवा.

असं का, ते हळदीच्या खटल्यावरून कळेल. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. म्हणजे आपल्या आज्या करत आल्या तेच! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरनं या पेटंटला आव्हान दिलं. पण 'आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे' एवढं सांगून भागणार नव्हतं, लेखी पुरावा हवा होता. जुन्या संस्कृत ग्रंथातला उल्लेख आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापलेला लेख पुढे ठेवला गेला. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरलं.

जे आधी जाहीर झालं, त्यावर पेटंट नाही. या नियमानं हळद वाचली, पण तोच नियम आपल्यालाही लागू होतो. स्वतः टाकलेला व्हिडिओ, मेळाव्यातला स्टॉल, पेपरातली बातमी, हे सगळं पुढे आपल्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतं. केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना सवलत आहे. गल्लीतल्या आनंदमेळ्याला ती नाही.

आता पेटंट कशावर मिळतं? आजीच्या पद्धतीच्या सरगुंड्यांवर नाही, कारण पारंपरिक ज्ञान कायद्यानं वगळलं आहे. मसाले नुसते एकत्र केले, तरी नाही. पण सरगुंडे वळणारं हातयंत्र तुम्ही बनवलं, ते नवं असलं, त्या कामातल्या जाणकारालाही सहज सुचणारं नसलं आणि उद्योगात वापरता येण्याजोगं असलं, तर दार उघडं आहे. मालाच्या नावासाठी मात्र ट्रेडमार्क घ्यायचा.

पहिलं काम शोधाचं. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज फुकट पाहता येतात. सुटे भाग करून देणाऱ्या कारागिराकडून गुप्ततेचा करार लिहून घ्या. यंत्राचं काम अजून चालू असेल, तर तात्पुरता अर्ज भरा. त्यानं तारीख पक्की होते. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा. वहीत कल्पना कधी लिहिली याला इथं महत्त्व नाही, अर्जाची तारीखच मोजली जाते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे दावे लिहिणं. 'सरगुंडे वळणारं कोणतंही यंत्र' असा ऐसपैस दावा टिकत नाही. 'लाकडी दांड्याचं यंत्र' असा चिमुकला दावा केला, तर दुसरा प्लास्टिकचा दांडा लावून मोकळा होतो. यंत्राची खरी करामत कशात आहे, ती पकडायची. पैसे खर्चायचेच असतील, तर इथं पेटंट एजंटवर खर्चा.

व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते, तिचे ४,००० रुपये. ती ३१ महिन्यांत केली नाही, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. अर्जदारांत एक जरी स्त्री असली, तरी २०१९ पासून जलद परीक्षण मागता येतं. त्याचं शुल्क जास्त आहे. परीक्षकाच्या हरकती आल्या म्हणून खचू नका. त्या बहुतेकांना येतात, मुदतीत उत्तर द्या. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, पण नूतनीकरणाचं शुल्क भरत राहिलं तरच.

आपला अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. पण हा विषय शिकवणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्या नागपुरातच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. धरमपेठेहून ती फार लांब नाही. तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी जरूर करा. आणि तोवर, मैत्रिणींनो, यंत्राचा फोटो ग्रुपवर टाकू नका!